दोन फोन आणि तीन घड्याळं

"पटकन येते" असं सांगून कुणी आत गेलं, की घड्याळबाई मनगटाकडे बघतात. पटकन म्हणजे किती, हे त्यांना कळायलाच हवं असतं. त्यांच्या लेकीचं पटकन अकरा मिनिटांचं. धाकट्या भावाचं पाऊण तासाचं, आणि त्यात त्याला किल्ल्या सापडेनाशा झाल्या तर विचारूच नका. यात कुणाला घालूनपाडून बोलायचा हेतू नसतो हं. बाईंना खरोखरच कुतूहल असतं. दूध वर यायला किती वेळ लागतो, समोरच्या चौकातला दिवा हिरवा व्हायला किती, शेजारचे काका जिना चढताना कितव्या पायरीवर थांबतात आणि किती थांबतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आता याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं, पण बाईंना विचारायची छाती होत नाही.

शाळेत तीस वर्षं त्यांनी खेळ शिकवले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण मैदान सुटलं नाही. धावण्याच्या शर्यतीत जिथे शेवटची रेषा असते, तिच्या बाजूला लोखंडी पायऱ्यांची एक घोडी ठेवतात. तिच्यावर तीन माणसं एकाखाली एक उभी राहतात, तिघांच्या मुठीत तीन स्टॉपवॉच. बंदुकीचा आवाज ऐकायचा नाही, धूर बघायचा, कारण आवाज उशिरा पोचतो. धूर दिसला की अंगठा दाबायचा, आणि धावणाऱ्याची छाती रेषेवर आली की पुन्हा दाबायचा. मग आपली वेळ चिठ्ठीवर लिहून घडी घालून मुख्य वेळाधिकाऱ्याच्या हातात द्यायची. आपलं घड्याळ दुसऱ्याला दाखवायचं नाही, दुसऱ्याचं बघायचं नाही, "तुझी किती आली?" असं विचारायचं तर मुळीच नाही. तीन वेळांतली मधली खरी धरतात. बाईंचं नाव तिथेच पडलं. मधल्या पायरीवर त्या वीस वर्षं उभ्या होत्या, आणि एके काळी मधली वेळही बहुतेकदा त्यांचीच असायची.

वरच्या पायरीवर मास्तर. ते चित्रकलेचे शिक्षक होते, आता मुख्य वेळाधिकारी. खालच्या पायरीवर वकील. हा माणूस कोर्टाची पायरी कधी चढलेला नाही, त्याचं रंगाचं दुकान आहे. पण कुठल्याही गोष्टीवर वाद घालतो म्हणून वकील. आज ऊन आहे म्हटलं तर म्हणेल, "तसं बघायला गेलं तर..." या तिघांचं त्रिकूट मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं.

या हंगामात क्रीडामंडळाच्या सेक्रेटरीला सुधारणेची उबळ आली. चिठ्ठ्या बंद! प्रत्येकाने आपली वेळ फोनवरच्या फॉर्ममध्ये भरायची आणि लगेच पाठवायची. सराव-स्पर्धेत मास्तरांची वेळ गेली, वकिलांची गेली, आणि बाई आपल्या जुन्या फोनवर अंगठा घासत बसल्या. खेळाडूंच्या नावांची यादी सरकेना, खिडकी उघडेना. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा निकाल खोळंबला तेव्हा सेक्रेटरी हसत हसत म्हणाला, "बाई, एक तर फोन बदला, नाहीतर वार्षिक स्पर्धेला आम्ही माणूस बदलतो." सगळे हसले. बाईही हसल्या. घरी आल्या आणि न जेवता झोपल्या. ती पायरी गेली तर रविवार उगवायचाच कशाला, असं त्यांना वाटलं, आणि हे त्यांनी लेकीला तोंडावर सांगितलंही.

वार्षिक स्पर्धेला तीन आठवडे होते.

"आई, सरळ आयफोन घे," लेक म्हणाली. "लोण्यासारखा चालतो. अडकणं हा प्रकारच नाही."

"काही नको," भाऊ म्हणाला. तो रोज संध्याकाळी चहाला यायचा आणि चहापेक्षा वादाला जास्त यायचा. "ताई, अँड्रॉइड घे. आपल्याला हवा तसा फिरवता येतो, आणि पळतो कसा बघ, वारा!"

"मामा, तुझा वारा मध्येच पडतो."

"आणि तुझं लोणी कधी गोठतं ते तुला कळत नाही."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे फोनच्या बाबतीत जितकं खरं तितकं पोरांच्या बाबतीतही नसेल. दोघं अर्धा तास तावातावाने भांडले आणि त्या अर्ध्या तासात एकानेही एक आकडा सांगितला नाही. बाईंना ते सहन होईना. त्या म्हणाल्या, "भांडू नका. मोजू."

लेकीने आपला आधीचा फोन कपाटातून काढून दिला, भावाने आपला दुसरा. दोन्ही साधारण एकाच वयाचे. बाईंनी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला, दोन्ही फोन शेजारी ठेवले, स्टॉपवॉच काढलं आणि वहीत दोन रकाने आखले. एका रकान्याला 'लेक' नाव दिलं, दुसऱ्याला 'भाऊ'.

पहिला प्रश्न आला तो मोजायचं कसं. कॅमेरा उघडायला लागतो सेकंदसुद्धा नाही, आणि हाताने तेवढं मोजायला गेलं तर आपलाच हात मोजला जातो. बाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी कॅमेरा दहा वेळा उघडला, दहा वेळा मिटला, सगळ्याची मिळून वेळ घेतली आणि दहाने भागलं. असं पाच वेळा केलं. सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट आकडा टाकून दिला. त्या दिवशी भावाचा रकाना केसभर पुढे निघाला. दुसऱ्या दिवशी अक्षरं उमटवण्यात लेकीचा पुढे. तिसऱ्या दिवशी फोटो उघडण्यात इतकी बरोबरी की बाईंनी दोन्हीकडे तोच आकडा लिहिला.

पण खरी गंमत आकड्यांत नव्हतीच. कॅमेरा उघडताना लेकीचा फोन मागे होता, आणि तरी तो पुढे आहे असं वाटत होतं! बाई टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि ते पुन्हा पुन्हा करून बघू लागल्या. वरण लागलं, त्याचा वास आला, तरी उठल्या नाहीत. शेवटी त्यांना उमगलं. बोट लागताक्षणी त्या फोनवर काहीतरी हलायला लागायचं. काम व्हायला वेळ लागत होता, पण 'ऐकलं हं, आलो' असं तो आधीच सांगून टाकायचा. बंदुकीबरोबर उठणारी पोरगी मागाहून रेंगाळली तरी बघणाऱ्याला तीच पुढे वाटते, तसं.

हे त्यांनी भावाला सांगितलं तेव्हा तो गालातल्या गालात हसला. मग त्याने आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी जाऊन हालचालींचा वेग बदलला. खिडक्या सरकायला जेवढा वेळ घ्यायच्या त्याच्या निम्मा घेऊ लागल्या. फोन एकदम चपळ वाटायला लागला.

"आतलं यंत्र बदललं का?" बाईंनी विचारलं.

"छे! यंत्र तेच. नुसती दाखवायची नाटकं अर्धी केली."

"म्हणजे फसवणूकच की रे!"

"फसवणूक कसली ताई, सोय आहे. आणि ऐक, हा पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगतो. काही फोनांचा एकशेवीस वेळा. त्यातलं एखादं चित्र वेळेवर आलं नाही, की डोळ्याला ठेच लागते. त्यालाच लोक अडकणं म्हणतात."

बाईंनी मनातल्या मनात भागाकार केला. साठावा भाग म्हणजे दीड-पावणेदोन शतांश सेकंद. एवढ्याशा फटीत माणसाच्या डोळ्याला ठेच लागते! वीस वर्षं त्या शतांश सेकंदांशी खेळत होत्या, पण ते प्रत्येकाच्या खिशात आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी भेटेल त्याला हे सांगितलं. दूधवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "असेल बाई," आणि सुटे परत करून निघून गेला.

मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या. पायरीवर त्यांना अडवलं होतं ते यादीने. म्हणून त्यांनी दोन्ही फोनांवर चारशे बारा खेळाडूंची यादी उघडली आणि अंगठ्याने वर सरकवायला घेतली. सावकाश, एका लयीत. आणि काय आश्चर्य, लेकीचा फोन अडकला! मध्येच एक झटका, आणि पाच-सहा नावं एकदम उडाली. भावाचा घेतला. तोही अडकला. बाईंनी शंभर नावांमागे झटके मोजले. लेकीच्या रकान्यात चार, भावाच्या रकान्यात पाच. पुन्हा केलं, पाच आणि चार.

"दोघांच्याही फुशारक्या ऐकल्या," त्या लेकीला म्हणाल्या. "घरोघरी मातीच्या चुली. दोन्ही अडकतात."

लेकीने फोन हातात घेतला आणि यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. एकही झटका नाही.

"तू भरकन ओढतेस. सावकाश ओढ."

लेकीने सावकाश ओढली. मामाचा फोन घेऊन तोही ओढला. दोन्ही पाण्यासारखे वाहिले.

"तुझ्या हाताची ओळख असेल त्यांना," बाई म्हणाल्या, आणि हे बोलणं आपल्यालाच पटलेलं नाही हे त्यांना बोलता बोलताच कळलं. मामाच्या फोनला हिच्या हाताची ओळख कुठून असणार? एका माणसाचं मोजणं खरं धरायचं नाही, हा तर त्यांचाच नियम. त्यांनी मास्तरांना आणि वकिलांना फोन करून शनिवारी दुपारी चहाला बोलावलं. "येताना घड्याळ आणा," असंही सांगितलं.

शनिवारी ते तिघं जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला ओळीने बसले. चेहरे असे गंभीर, की टेबलावरून आता कुणीतरी धावत जाणार आहे. वकिलांनी आल्या आल्या शंका काढली की फोनची वेळ मोजायला मंडळाची परवानगी लागते का. मास्तरांनी त्यांना बिस्कीट दिलं. ठरलं असं की झटके मागाहून बघू, आधी मोठी शर्यत घेऊ. फोन पूर्ण बंद करायचा आणि चालू करायचा. पडद्यावर कंपनीची खूण उजळली की घड्याळ सुरू, आणि तारीख-वेळ दिसली की बंद. भावाने फोन चालू करायचा, तो सगळ्यांना दिसेल असा उभा धरायचा आणि चिठ्ठ्या गोळा करायच्या.

पहिली फेरी झाली. तिघांनी चिठ्ठ्या लिहिल्या, घडी घातली, पुढे सरकवल्या. आता भाऊ काही या धंद्यातला नाही. चिठ्ठ्या मनात वाचून मधली तेवढी सांगायची असते, हे त्याला कोण शिकवणार? त्याने तिन्ही उघडल्या आणि मोठ्याने वाचल्या. "मास्तर चौतीस पूर्णांक एक. वकीलसाहेब चौतीस पूर्णांक दोन. ताई, तू चौतीस पूर्णांक पाच."

वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिघांची घड्याळं एकमेकांसमोर कधी बोललीच नव्हती. मास्तरांचा चहाचा कप ओठापाशी थांबला.

"पुन्हा घे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत मास्तर आणि वकील यांच्यात शतांशाचाच फरक, बाई तीन दशांशांनी मागे. फोन बदलला. तिसरी, चौथी, पाचवी फेरी झाली. फोन कुठलाही असो, पहिल्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून आणि बाईंची लांब. एकदाही मधली नाही.

"तर मला वाटतं, दोन्ही फोन उत्तम आहेत," मास्तर घाईघाईने म्हणाले. "कुठलाही घ्या."

बाईंनी वकिलांकडे बघितलं. वकील बिस्किटाचा एक कण टेबलावरून बोटाने इकडून तिकडे ढकलत होते. वकील ज्या अर्थी वाद घालत नाहीत त्या अर्थी पाणी कुठेतरी मुरतंय, हे बाईंनी ओळखलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"बाई, चहा निवतोय," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मी विचारते आहे, किती दिवस?"

"दोन हंगाम." मास्तरांनी कप खाली ठेवला. "पण कुणाचं काही बिघडलं नाही हो. मधलीच वेळ धरतात ना! तुमची शेवटची यायची, ती आपोआप बाजूला पडायची. मी म्हटलं, कशाला बोला. तुमच्याशिवाय त्या घोडीवर उभं राहायचं आम्हाला जमणार नाही. एवढंच होतं मनात, खरं सांगतो."

"तसं बघायला गेलं तर," वकील हळूच म्हणाले, "नियम कुठेही मोडलेला नाही."

बाईंना वाईट वाटलं, राग आला, लाज वाटली, सगळं एकदम. दोन वर्षं त्या पायरीवर उभ्या राहून अंगठा दाबत होत्या आणि त्यांच्या वेळेला कुणी विचारत नव्हतं! पण बाईंचा स्वभाव असा की रागाच्या पोटातही एक प्रश्न वळवळत होता. अंगठा उशिरा दाबला जात असेल, तर सुरुवातीलाही उशीर आणि शेवटालाही उशीर. दोन्ही सारखे असतील तर फिटंफाट होऊन उत्तर बरोबर यायला हवं. ते तर येत नव्हतं. मग नक्की कुठे काय होत होतं?

मंडळी गेल्यावर त्यांनी लेकीला बसवलं. एका फोनवर संथ चित्रण चालू केलं आणि त्याच्यासमोर आपली मूठ धरली, मुठीत स्टॉपवॉच, मागे दुसरा फोन. अर्ध्या मिनिटाची फेरी घेतली आणि दोघींनी ती बघितली. सुरुवातीला अंगठा व्यवस्थित खाली गेला. मग तो बटणावर टेकून अर्धा मिनिट वाट बघत राहिला. आणि शेवटी पडदा उजळला तेव्हा तो निघाला, निम्म्यावर जाऊन थांबला, थरथरला, आणि मग खटकन खाली पडला.

"अगं, हा बघ!" बाई ओरडल्या. "हा बघ कसा अडकतो! पुन्हा लाव."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आई, दुखतो का गं?"

"सकाळी जरा आखडतो. ते राहू दे, तू पुन्हा लाव."

दहा वेळा बघितलं. यादीवर अंगठा फिरवतानाही तेच दिसलं. सरळ जाता जाता सांध्यात कुठेतरी अडायचा, आणि सुटला की पाच-सहा नावं घेऊन उडायचा. दोन्ही फोन पाण्यासारखे वाहत होते, झटके बाईंच्या अंगठ्याचे होते. वहीतले ते चार आणि पाच हे आकडे त्यांनी तसेच ठेवले, फक्त वरची 'लेक' आणि 'भाऊ' ही नावं खोडून तिथे 'मी' लिहिलं. "नाचता येईना अंगण वाकडं," त्या म्हणाल्या आणि खो खो हसल्या. जितका जास्त वेळ अंगठा टेकून राहील तितका तो जास्त आखडतो, हेही त्यांनी मोजून काढलं. पाच सेकंदांना काही नाही. अर्ध्या मिनिटाला दोन-तीन दशांश. त्यापुढेही तेवढंच.

त्यापुढे म्हणताना त्यांचं हसू थांबलं.

शंभर मीटरची शर्यत पंधरा सेकंदांत संपते. पण आठशेची? तिला दोन मिनिटं वीस सेकंद लागतात. आणि गेल्या वर्षी आठशे मीटरला वकिलांचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं. "अरेरे, दाबलं गेलं नाही!" असं ते पायरीवरून ओरडले होते, ते बाईंना लख्ख आठवलं. घड्याळं दोनच उरली की मधली वेळ नसते. मग नियम असा की दोघांतली जास्त असेल ती धरायची. त्या दिवशी माईकवर वेळ पुकारली गेली, दोन मिनिटं वीस पूर्णांक एक, आणि बाई मनात खूश झाल्या होत्या. ती त्यांच्या घड्याळातली वेळ होती.

सराव-शिबिराला निवड व्हायला दोन वीस शून्य लागायचे. आठशे पळालेली ती पोरगी एका दशांशाने राहिली. पातळ अंगाची, लांब पायांची, सगळे तिला काडी म्हणायचे. निकाल ऐकून ती गवतावर बसली आणि बुटाची नाडी सोडत राहिली, सुटली तरी सोडत राहिली. बाईंनीच जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला होता. "पुढच्या वेळी थोडं आधी जोर लाव," असा सल्लाही दिला होता.

त्या तशाच उठल्या आणि मास्तरांच्या घरी गेल्या. मास्तरांनी दार उघडलं, त्यांचा चेहरा बघितला आणि काही न विचारता आतून पत्र्याचा डबा आणला. दर वर्षीच्या चिठ्ठ्या त्यांनी जपून ठेवलेल्या होत्या. आठशे मीटरची घडी त्यांनी न शोधता काढली. म्हणजे ती कुठे आहे हे त्यांना पाठ होतं.

मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं, दोन, एकोणीस, आठ.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही सही केलीत."

"नियमाप्रमाणे केली. घड्याळं दोन होती." मास्तर दाराच्या कडीशी चाळा करत होते. "रात्रभर झोप लागली नाही. सकाळी वाटलं, आता बोललो तर बाईंचं काय होईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता फारच उशीर झाला. मग रोज तेच वाटत गेलं."

बाईंना त्यांना चार शब्द सुनवायचे होते, मनात जुळवूनही आणले होते. पण समोर उभा असलेला माणूस वर्षभर स्वतःलाच ऐकवत आलेला दिसत होता. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि त्या निघाल्या.

सोमवारी त्या डॉक्टरांकडे गेल्या. अंगठा असा अडकणं अगदी नेहमीचं आहे, पट्टी बांधा, व्यायाम करा, सुटेल, असं डॉक्टर म्हणाले. "किती दिवसांत?" बाईंनी विचारलं. "लवकरच," डॉक्टर म्हणाले, आणि बाईंच्या मनातून उतरले. येताना त्यांनी फोनही घेतला. लेकीच्यासारखा घेतला, कारण अडलं तर विचारायला ती घरात असते. त्यावर रुसून भाऊ दोन दिवस चहाला आला नाही. तिथून त्या मंडळाच्या कार्यालयात गेल्या.

"वा! घेतलात नवा फोन?" सेक्रेटरी खुलला.

"फोन घेतला. आता माणूसही बदला," बाई म्हणाल्या, आणि लिहून आणलेलं पत्र टेबलावर ठेवलं. गेल्या वर्षीच्या आठशे मीटरची वेळ चुकीची आहे, चूक माझ्या हाताची आहे, असं त्यात स्वच्छ अक्षरात होतं. सेक्रेटरीने ते दोनदा वाचलं. आता काही करता येणार नाही, शिबिर होऊन गेलं, त्या मुलीचा वयोगटही संपला, हे तो चांगल्या शब्दांत सांगू लागला. "आणि बाई, हे कागदावर कशाला आणता? कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"दप्तरी लावा," बाई म्हणाल्या. "तारखेसकट."

काडीचा पत्ता शाळेतून मिळाला. मोठ्या रस्त्याला लागून एक गल्ली, तिच्यात इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे एक खोली, पुढे टेबल, मागे पडदा. पडद्यामागून कपडे झटकल्याचा आवाज येत होता, तिथे तिची आई होती. काडी टेबलापाशी उभी राहून शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होती. जरा भरली होती. तिने बाईंना ओळखलं आणि चटकन स्टूल पुढे केलं.

"पळतेस का गं हल्ली?"

"नाही बाई. सोडलं." तिने इस्त्री कॉलरवरून फिरवली. "माझ्यात तेवढा दम नव्हता. तुम्ही सांगितलंत तसं आधी जोर लावून बघितला नंतर, पण मनच धजेना. आपली धाव तेवढीच, असं कळलं की मग पाय उचलत नाहीत."

बाई स्टुलावर बसल्या नाहीत. येताना वाटेत त्यांनी बरंच काही जुळवलं होतं, अंगठा, नियम, दोन घड्याळं, सगळं सविस्तर. तोंडातून आलं ते इतकंच. "त्या दिवशीची वेळ चुकली होती. माझ्यामुळे चुकली. माझा अंगठा अडकत होता आणि मला पत्ता नव्हता. तुझं काही चुकलं नव्हतं, बाळा."

काडीला काही उलगडेना. बाईंनी पट्टी बांधलेल्या हाताने चिठ्ठी काढली आणि शर्टावर ठेवली. ही दुसऱ्या घड्याळाची, मास्तरांच्या हातची, आणि मास्तरांचं घड्याळ बरोबर होतं, असं सांगितलं. आता याचा कागदोपत्री काही उपयोग नाही, हेही सांगितलं. ती रागावेल, रडेल, चालती हो म्हणेल, यातल्या सगळ्याला बाई तयार होत्या.

"मग मी किती पळाले होते?" काडीने विचारलं.

"दोन मिनिटं, एकोणीस पूर्णांक आठ."

काडीने इस्त्री उभी करून ठेवली. चिठ्ठी उचलली, उजेडाकडे धरली, आणि ओठ हलवत तो आकडा वाचला. मग ती पडद्याकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "झालं होतं गं माझं. तेव्हाच झालं होतं."